मैदानावरचा क्षण आणि घरचा कॅमेरा

थंडीचे दिवस सुरू झाले, कीं पुण्यांतील शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर क्रीडास्पर्धांची धामधूम उडते. घरांतील मुलेंमुली भल्या पहाटे बूट आवळून बाहेर पडतात आणि त्यांच्या मागोमाग एखादे काका, एखादी आत्या, क्वचित् आजोबाही मफलर गुंडाळून मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहतात. हल्लीं यांतील प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा असतोच. कांहींच्या गळ्यांत स्वतंत्र मोठा कॅमेराही असतो. दोन तासांत दोन-तीनशें फोटो काढले जातात. रात्रीं जेवणें आटोपल्यावर सारी मंडळी ते पाहावयास एकत्र बसतात, आणि मग मौज सुरू होते. एका चित्रांत कोणाची तरी पाठ, दुसऱ्यांत नुसती धुरकट आकृति, तिसऱ्यांत मोकळें मैदान आणि कडेला अर्धा पाय! "यांत आपली सुमा कोणती रे?" असें आजी विचारते. "ती इथेंच होती, आजी, आतांच पुढें गेली," असें उत्तर मिळतें.

हें उत्तर विनोदी वाटलें, तरी सर्व अडचणीचें मूळ त्यांतच आहे. लग्नमंडपांत वधूवर छायाचित्रकारासाठीं थांबतात. सहलीला गेलेली मंडळी सिंहगडाच्या दरवाजांत ओळीनें उभी राहतात. डोंगर आणि देऊळ तर जागचें हलतच नाहीं. खेळाडू मात्र कोणासाठींही थांबत नाहीं. त्यानें थांबूं नये, यांतच खेळाचें सर्वस्व आहे. तेव्हां जी पद्धति लग्नाला पुरते ती मैदानावर पुरत नाहीं. तेथें निराळी तयारी लागते. ही तयारी समजतात तितकी खर्चाची नाहीं आणि अवघडही नाहीं. ती कशी करावी, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. आणि उदाहरणादाखल मुख्यतः खो-खो हा खेळ घ्यावयाचा आहे, कारण पुण्याच्या मातीशीं त्याचें नातें जुनें आहे.

प्रश्न केवळ हौसेचा नाहीं

हौसेखातर इतका खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर असें, कीं हा प्रश्न घराच्या आणि गांवाच्या स्मृतीचा आहे. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ सालीं झाली. १९१४ मध्यें तेथें खो-खोच्या नियमांना निश्चित स्वरूप देण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष असतांना तेथील मैदानी शर्यतींतून प्रेरणा मिळाली आणि १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांसाठीं हिंदुस्थानांतून लहानसें पथक गेलें. त्यांत मॅरॅथॉन धावणारे चौगुले व दातार होते; नवले आणि शिंदे हे मल्ल होते. पुढें डिसेंबर १९४८ मध्यें पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनीं काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. हे सर्व आंकडे आपणांस पाठ असतात. परंतु चौगुल्यांची धांव कशी दिसे, निंबाळकरांचा एखादा फटका कसा सुटे, हें डोळ्यांपुढें आणावयाचें तर आपल्यापैकीं बहुतेकांस शब्दांवरच भागवावें लागतें.

चित्रांचें महत्त्व पुण्यास ठाऊक नव्हतें असें नाहीं. चित्रशाळा छापखाना येथलाच, आणि 'चित्रमयजगत्' हें सचित्र मासिकही १९१० सालीं येथूनच निघूं लागलें. पण त्या काळीं कॅमेरा दुर्मिळ होता, आणि धांवता माणूस टिपणें ही तर तज्ज्ञांनाही जड जाणारी गोष्ट होती.

घरापुरतेंच पाहूं. आज आपल्या घरांत ज्या आजी किंवा वडील सासूबाई आहेत, त्यांच्यापैकीं कित्येकींनीं शाळेंत असतांना लंगडी, खो-खो गाजविला आहे. त्यांची हूल आणि त्यांचा वेग यांच्या गोष्टी त्या नातींना सांगतात. मात्र त्या वेळचें एखादें चित्र मागा. बहुधा लग्नांतील फोटो पुढें येतो. मधला सगळा काळ, ज्यांत त्या धांवत होत्या, तो चित्ररूपानें कोठेंच नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारत विजयी झाला. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. त्या सामन्यांची चित्रें देशभर पाहिलीं गेलीं. परंतु शाळेच्या तांबड्या मातीवर खेळणाऱ्या हजारों मुलींचें चित्र काढावयास कोणतें वृत्तपत्र येणार? तें घरच्या माणसालाच काढावें लागेल.

आधीं खेळ, मग कॅमेरा

नवशिका मनुष्य प्रथम विचारतो, "कोणता कॅमेरा घेऊं?" त्याऐवजीं त्यानें विचारावें, "या खेळांत पुढें काय होणार, हें मला कळतें काय?" क्रिकेटच्या चित्रांत व्हिक्टर ट्रंपर या ऑस्ट्रेलियन फलंदाजाचें, पुढें झेपावून फटका मारण्याच्या पवित्र्यांतलें चित्र जगप्रसिद्ध आहे. तें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जॉर्ज बेल्डम यानें काढलें. बेल्डम हा स्वतः मिडलसेक्सकडून खेळलेला क्रिकेटपटु होता. त्या काळच्या जड काचपट्टीच्या कॅमेऱ्यानें एका वेळीं एकच चित्र निघे. त्यानें नेमका क्षण साधला, कारण फलंदाजाचा पाय कधीं उचलला जाणार, हें त्याला खेळाडू म्हणूनच ठाऊक होतें.

खो-खोचेंच घ्या. मधल्या पाटीवर आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववा पाठलाग करतो. पळणाऱ्या गड्याला बसलेल्यांच्या मधून हवें तसें जातां येतें. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधून जातां येत नाहीं आणि एकदां धरलेली दिशा मध्येंच उलट फिरवितां येत नाहीं. याचा अर्थ छायाचित्रकाराच्या दृष्टीनें फार मोठा आहे. पळणारा कोठें जाईल हें सांगतां येणार नाहीं, परंतु पाठलाग करणारा कोठें जाणार हें बऱ्याच अंशीं सांगतां येतें. तो एक तर खो देईल, नाहीं तर खांबापर्यंत जाईल. तेव्हां नवशिक्यानें आरंभीं पळणाऱ्याच्या मागें कॅमेरा फिरवूं नये. त्यानें खांबावर लक्ष ठेवावें. खांबाला एका हातानें धरून, सारें अंग बाहेर झोकून, दुसऱ्या हाताच्या बोटांनीं पळणाऱ्याची पाठ गांठणारी मुलगी हें खो-खोंतील अत्यंत देखणें दृश्य होय, आणि तें घडण्याची जागा आधींच ठरलेली आहे!

दुसरी ठरलेली जागा म्हणजे खो देण्याची. मागून हात पाठीवर पडतो, ओरड होते, आणि बसलेला गडी त्याच क्षणीं बाणासारखा सुटतो. या एका चित्रांत दोन चेहरे येतात. एक दमलेला, एक ताजा. खेळाचें सारें मर्म त्यांत असतें.

कबड्डींत असाच विचार करावा. चढाई करणारा परत फिरून मध्यरेषेकडे हात लांबवितो, तो क्षण. किंवा कोपऱ्यावरचा गडी घोट्याला झडप घालतो, तो. क्रिकेटमध्यें यष्टि, धांवण्याच्या शर्यतींत शेवटची रेषा, लांब उडींत फळी. प्रत्येक खेळांत अशीं दोन-तीन नाकीं असतात, जेथून नाट्याला जावेंच लागतें. तीं ओळखून तेथें दबा धरून बसणें ही अर्धी विद्या आहे. आपणांस न कळणारा खेळ असेल तर पहिलीं दहा मिनिटें कॅमेरा पिशवींतच ठेवून नुसता खेळ पाहावा. तीं दहा मिनिटें वायां जात नाहींत.

उभें कोठें राहावें

जागा निवडतांना तीन गोष्टी पाहाव्या : सूर्य, मागचा पडदा आणि आपली उंची.

सकाळच्या सामन्याला मैदानाच्या पूर्वेस आणि संध्याकाळीं पश्चिमेस उभें राहावें, म्हणजे ऊन आपल्या पाठीशीं व खेळाडूच्या चेहऱ्यावर येतें. भर दुपारीं ऊन डोक्यावर असतां डोळ्यांच्या खांचांत काळी सांवली पडते. तेव्हां शक्य तर सकाळचे नऊ-साडेनऊपर्यंतचे आणि दुपारीं चारनंतरचे सामने विशेष मनापासून टिपावे.

दुसरी गोष्ट मागच्या पडद्याची. आपला डोळा आपल्या मुलीकडेच पाहतो. कॅमेरा तिच्या मागें लावलेल्या दुचाक्या, पाण्याची टाकी, जाहिरातीचा फलक, सर्व काहीं तितक्याच आस्थेनें टिपतो. म्हणून उभें राहण्यापूर्वीं खेळाडूच्या मागें काय दिसणार हें पाहून घ्यावें. दहा पावलें बाजूस सरकल्यानें दुचाक्या जाऊन झाडांची हिरवी रांग मिळत असेल, तर तीं दहा पावलें हजारों रुपयांच्या भिंगापेक्षां मोलाचीं आहेत.

तिसरी गोष्ट उंचीची. मोठा मनुष्य उभ्यानें लहान मुलाचा फोटो काढतो, तेव्हां वरून डोकें आणि खालीं माती एवढेंच येतें. गुडघा टेकून किंवा मातींत बसून पाहा. मूल एकदम उंच होतें, उडी खरोखरीची उडी वाटते, आणि क्षितिज खालीं जाऊन मागें आकाश येतें. धोतराला किंवा विजारीला माती लागेल, हें खरें. पण मैदानावर गेल्याची तेवढी खूण असूं द्यावी.

खो-खोसाठीं आमच्या मतें सर्वांत चांगली जागा म्हणजे खांबाच्या मागें, अंतिम रेषेच्या बरीच बाहेर, खांबापासून तीन-चार पावलें तिरकी. तेथून बसलेल्या आठ गड्यांची रांग दूरवर जातांना दिसते, पाठलाग करणारा समोरून अंगावर येतो, आणि खांबावरील झडप अगदीं पुढ्यांत घडते. बाजूच्या रेषेवरून चित्र घेतल्यास बसलेल्यांपैकीं निम्म्यांच्या पाठीच दिसतात. मात्र खेळाडू वेगांत खांबापलीकडे बऱ्याच अंतरापर्यंत येतात, सूर मारून घसरतातही. तेव्हां त्यांच्या वाटेंत आपण किंवा आपली पिशवी येणार नाहीं इतकें अंतर ठेवणें हें आपलें कर्तव्य आहे.

सेकंदाचे तुकडे

आतां थोडें गणित. कॅमेऱ्यांतील शटर जितका वेळ उघडें राहतें, तितक्या वेळांत खेळाडू जेवढा सरकतो तेवढा तो चित्रांत पुसट होतो. शाळकरी वयाचा चपळ मुलगा सेकंदाला सुमारें सहा मीटर धांवतो असें धरूं. १/६० सेकंदांत तो दहा सेंटिमीटर सरकेल. म्हणजे चेहरा ओळखूं येणार नाहीं. १/२५० सेकंदांत २.४ सेंटिमीटर, १/५०० मध्यें १.२ सेंटिमीटर आणि १/१००० मध्यें अवघे सहा मिलिमीटर. हात व पाय धडापेक्षां वेगानें हलतात, हें लक्षांत घेतां धांवण्याच्या खेळांना १/५०० हा कमींत कमी आणि १/१००० हा सुखाचा वेग समजावा. ताशीं १३० किलोमीटर वेगानें टाकलेला क्रिकेटचा चेंडू मात्र १/५०० सेकंदांतही सुमारें सात सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या व्यासाइतका पुढें जातो. तो गोल दिसावयास हवा असेल तर १/२००० च्या पुढें जावें लागतें.

वेगळा कॅमेरा असल्यास त्याच्या चक्रीवर 'एस' किंवा 'टीव्ही' असें अक्षर असतें. तें लावून १/१००० हा आंकडा ठरवावा, म्हणजे बाकीचा हिशेब कॅमेरा आपण होऊन करतो. फोकस एकदां धरून तेथेंच थांबणारा न ठेवतां, हलत्या वस्तूच्या मागें सतत जाणारा ठेवावा. तशी सोय बहुतेक सर्व कॅमेऱ्यांत असते. बटण अर्धें दाबून खेळाडूच्या छातीवर खूण धरावी आणि योग्य वेळीं पुरतें दाबावें.

प्रकाशाचा जमाखर्च

शटरचा वेग वाढविला, कीं आंत येणारा प्रकाश कमी होतो. हा जमाखर्च घरखर्चासारखाच आहे. एका बाजूला काटकसर केली तर दुसरीकडून भर घालावी लागते. भर घालण्याचे मार्ग दोन. भिंगाचें छिद्र मोठें करणें हा पहिला, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशग्रहणशक्ति वाढविणें हा दुसरा. छिद्राचा आंकडा जितका लहान तितकें तोंड मोठें, एवढें ध्यानांत ठेवावें.

जुन्या छायाचित्रकारांचा एक ठोकताळा आजही उपयोगी पडतो. लख्ख उन्हांत छिद्र १६ ठेवलें, तर शटरचा वेग आयएसओच्या आंकड्याइतका भाग ठेवावा. म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंद. छिद्र १६ वरून ११, ८, ५.६ असें उघडत गेल्यास दर पायरीस प्रकाश दुप्पट होतो, म्हणून ५.६ ला १/८०० पुरे. आयएसओ ४०० केला तर १/३२०० पर्यंत जातां येतें. सारांश, उन्हांत साध्या भिंगानेंही खेळाचें चित्र उत्तम निघतें. संध्याकाळीं प्रकाश समजा सोळाव्या हिश्श्यावर आला, तर तोच वेग १/२०० वर उतरतो. मग आयएसओ १६०० करावा, म्हणजे १/८०० मिळतो. चित्रांत थोडे रवाळ ठिपके येतील. येऊं द्यावे. रवाळ पण स्पष्ट चेहरा चालतो. गुळगुळीत पण पुसट चेहरा कोणालाच नको असतो.

बंदिस्त सभागृहांतील बॅडमिंटन किंवा टेबल टेनिस ही नवशिक्याची खरी कसोटी. तेथें डोळ्यांना भरपूर वाटणारा उजेड कॅमेऱ्याला तुटपुंजा असतो. शिवाय आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनांचा असल्यामुळें कित्येक दिवे सेकंदांतून शंभर वेळां मंद-प्रखर होतात. आपल्याला तें दिसत नाहीं, पण वेगवान् शटरला दिसतें, आणि लागोपाठच्या दोन चित्रांत एक उजळ व एक काळपट निघतें. अनेक नव्या कॅमेऱ्यांत यावर उपाय असतो. नसल्यास दोन-चार चित्रें जास्त घ्यावीं. फ्लॅश मात्र वापरूं नये. खेळाडूचे डोळे दिपतात, आणि दूरच्या अंतरावर त्याचा उपयोगही होत नाहीं.

शिखराचा क्षण

प्रकाश कमी असतां निसर्गानेंच एक सवलत ठेवली आहे. वर फेंकलेला चेंडू जसा शिखरावर क्षणभर थबकल्यासारखा वाटतो, तशीच उडी मारणारी व्यक्तिही. गुरुत्वाकर्षणाच्या नियमानें हिशेब केला तर उडीच्या शिखराच्या आधीं आणि नंतर मिळून एक-दशांश सेकंदांत शरीर उभ्या दिशेनें फक्त सुमारें सव्वा सेंटिमीटर हलतें. म्हणून उडीचें, बॅडमिंटनच्या स्मॅशचें, मल्लखांबावरील झेपेचें चित्र शिखरावर घेतल्यास कमी वेगाच्या शटरवरही रेखीव येतें. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाची विद्या पुन्हां नांवारूपास आणली असें परंपरा सांगते. त्या विद्येंत प्रत्येक उडीनंतर एक स्थिर पवित्रा येतो; नवशिक्याला हात बसविण्यास याहून चांगला वर्ग मिळणार नाहीं.

परंतु शिखर दिसल्यावर बटण दाबलें तर उशीर झालेला असतो. डोळ्यानें पाहून बोट हलेपर्यंत माणसाला सेकंदाचा पांचवा भाग तरी लागतो, आणि तेवढ्यांत धांवणारा सव्वा मीटर पुढें जातो. सुमा 'आतांच पुढें गेली' ती अशी! म्हणून घटना दिसण्यापूर्वीं, ती येणार असें वाटतांच बटण दाबावें. गायनांत समेवर टाळी देणारा श्रोता सम ऐकून टाळी देत नाहीं. तो ती येतांना ओळखतो. तसेंच हें आहे.

एकामागून एक अनेक चित्रें घेण्याची सोय हल्लींच्या सर्व यंत्रांत आहे, आणि ती वापरावी. पण तिच्यावरच भिस्त ठेवूं नये. सेकंदाला दहा चित्रें घेतलीं, तरी दोन चित्रांमध्यें धांवणारा साठ सेंटिमीटर जातो. हाताचा स्पर्श नेमका त्या फटींत घडूं शकतो. क्षण ओळखून त्याच्या किंचित् आधीं सुरुवात करावी आणि पांच-सहा चित्रांनंतर थांबावें.

मानवी डोळ्याला वेग किती फसवितो, याचा दाखला १८७८ मध्यें कॅलिफोर्नियांत एडवर्ड मायब्रिज यानें दिला. ओळीनें कॅमेरे मांडून त्यानें दौडणाऱ्या घोड्याचीं लागोपाठ चित्रें घेतलीं. चारही पाय एकदम हवेंत असतात हें त्यांत सिद्ध झालें. मात्र शेंकडों चित्रकारांनीं दाखविल्याप्रमाणें ते पुढेंमागें ताणलेले असतां नव्हे, तर पोटाखालीं गोळा झालेले असतां! आपल्या मुलाच्या धांवण्यांत किंवा गोलंदाजींत काय चुकतें, हेंही अशा चित्रमालिकेंत शिक्षकाला चटकन् दाखवितां येतें.

हातांत फोन असेल तर

बहुतेकांजवळ फोनच असतो, आणि त्यानेंही चांगलें काम होतें. प्रथम भिंग स्वच्छ रुमालानें पुसावें; निम्मे धुरकट फोटो वेगामुळें नव्हे, बोटांच्या तेलामुळें धुरकट असतात. दूरचें वेगळें भिंग असेल तर तेवढ्यापुरतेंच जवळ आणावें. त्यापुढें दोन बोटांनीं ताणून मोठें केलेलें चित्र म्हणजे कापडाचा तुकडा ताणून धोतर करण्यासारखें आहे. त्यापेक्षां खेळ जवळ येईल अशा जागीं बसावें. खांबावर किंवा यष्टीवर बोट दाबून धरल्यास फोकस आणि उजेड तेथें बांधून ठेवतां येतो. मग फक्त वाट पाहावयाची.

फोनची एक खोड मात्र ओळखून असावें. त्यांतील चित्र एकाच क्षणीं सर्व न घेतलें जातां ओळीओळीनें घेतलें जातें, त्यामुळें वेगानें फिरणारी बॅट वांकडी आणि चाक तिरपें दिसूं शकतें. जुन्या कॅमेऱ्यांतही पडद्याची फट सरकत असे. फ्रान्समधील लार्तिग या विशीच्या आंतील तरुणानें मोटार-शर्यतीचें असेंच एक चित्र घेतलें. त्यांत मोटारीचें चाक लंबगोल होऊन पुढें कललें आहे आणि बघे मागें झुकले आहेत. तोच दोष पुढें वेगाची खूण म्हणून जगांत वाखाणला गेला. तेव्हां प्रत्येक वांकडें चित्र टाकाऊ नसतें.

वेग मुद्दाम दाखविण्याचीही युक्ति आहे. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. आजही सायकलशर्यती होतात. सायकलस्वार समोरून आडवा जात असतां शटर १/३० किंवा १/६० ठेवून कॅमेरा त्याच्या गतीनेंच वळवीत न्यावा आणि वळवितांनाच बटण दाबावें. स्वार स्पष्ट आणि मागचा रस्ता रेषारेषांनीं धांवता असें चित्र येतें. वीसांत एक साधलें तरी समाधान मानावें. ही साधना घराजवळच्या रस्त्यावर, फुकट, रोज करतां येते.

विजयापलीकडचे चेहरे

नवशिके लोक पंचाची शिटी वाजली, कीं कॅमेरा खालीं ठेवतात. वस्तुतः पुष्कळ चांगलीं चित्रें शिटीनंतरच मिळतात. बाद झालेला गडी मान खालीं घालून बाहेर येतो, मैत्रीण त्याला पाणी देते. राखीव खेळाडू बाकावर नखें कुरतडीत बसलेला असतो. शिक्षक ओठ घट्ट मिटून उभे असतात. १९६० सालीं ब्रिस्बेन येथें ऑस्ट्रेलिया व वेस्ट इंडीज यांचा कसोटी सामना बरोबरींत सुटला. त्या शेवटच्या धांवबादाचें चित्र आजही लोक पाहतात तें उडालेल्या यष्टींसाठीं जितकें, तितकेंच भोंवतालीं हात उंचावलेल्या खेळाडूंसाठीं. खेळांतला चेंडू सर्वांसारखाच. चेहरे मात्र ज्याचे त्याचे असतात.

आपल्याच मुलाचीं चित्रें काढावीं हा मोह स्वाभाविक आहे. पण एकटा मुलगा म्हणजे संघ नव्हे. त्याला खो देणारा, त्याच्यावर झडप घालणारा, त्याला उठवून बसविणारा, हे सर्व चित्रांत आले तरच तो कसा खेळला हें पुढें कोणाला कळेल.

मर्यादा

कॅमेरा हातांत आल्यानें सर्व अधिकार हातांत येत नाहींत. शाळेच्या मैदानावर शिक्षकांची परवानगी घेऊनच चित्रें काढावीं. पडलेल्या, रडणाऱ्या किंवा कपडे अस्ताव्यस्त झालेल्या मुलीचें चित्र कितीही 'जिवंत' असलें, तरी तें ठेवूं नये, दाखवूं नये. दुसऱ्याच्या मुलांचीं चित्रें नांव व शाळेसह सर्व जगाला दिसतील अशा जागीं पाठविण्यापूर्वीं त्यांच्या आईवडिलांना विचारावें. फोनवरून एकदां गेलेलें चित्र परत बोलावितां येत नाहीं. 'हें चित्र आपल्या मुलीचें असतें तर मला चाललें असतें काय?' एवढा एक प्रश्न मनाशीं विचारला, तर बहुतेक वाद मिटतात.

आणखी एक मर्यादा स्वतःसाठीं. सबंध सामना कांचेंतूनच पाहिला, तर मुलाला कडेला बाबा दिसत नाहींत, केवळ कॅमेरा दिसतो. निम्मा डाव चित्रांसाठीं ठेवावा आणि निम्मा नुसत्या डोळ्यांसाठीं व टाळ्यांसाठीं.

घरीं आल्यावर

दोनशें चित्रांतून त्याच रात्रीं वीस निवडावीं, आठवड्यानें पांच. निवडतांना पाहावें : चेहरा दिसतो काय? खेळ कोणता तें कळतें काय? पुढें काय झालें असेल अशी उत्सुकता वाटते काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल तें चित्र राखावें. कडेचें नको असलेलें काढून टाकावें, तिरपें क्षितिज सरळ करावें, फार रंग चढवूं नयेत. हें निवडण्याचें काम घरांतील सर्वांनीं मिळून करावें. आजीला तंत्र ठाऊक नसेल, पण कोणत्या चित्रांत जीव आहे हें तिला नेमकें कळतें.

राखलेल्या चित्राबरोबर तारीख, मैदान, स्पर्धा आणि दिसणाऱ्या प्रत्येकाचें नांव लिहून ठेवावें. घरोघरीं जुन्या पेट्यांतून असे गट-फोटो निघतात, कीं त्यांतील निम्मीं माणसें आतां कोणालाच ओळखतां येत नाहींत. मागच्या बाजूस पेन्सिलीनें एक ओळ लिहिली असती तर तीं हरवलीं नसतीं. फोनमधील हजारों चित्रांची अवस्था याहून वाईट होणार आहे, कारण फोन बदलतो, बिघडतो, हरवतो. म्हणून चित्रांची एक प्रत दुसऱ्या जागीं ठेवावी, आणि वर्षाकाठीं निदान दहा चित्रें कागदावर छापून वहींत चिकटवावीं. त्याला फार खर्च येत नाहीं.

या वर्षींच्या स्पर्धांना जातांना एवढें करून पाहावें : एकच खेळ निवडावा, एकच जागा धरावी, १/१००० चा वेग ठेवावा, आणि खांबाकडे डोळे लावून बसावें. पहिल्या दिवशीं दोनशेंतून एक चित्र साधेल, महिन्यानें दहा साधतील. त्या एका चित्रांत खांबाला धरून झेपावलेली जी मुलगी असेल, ती पन्नास वर्षांनीं कोणाची तरी आजी असेल. आणि नातीनें विचारल्यावर तिला केवळ शब्दांवर भागवावें लागणार नाहीं.